फलकावर नाव कोणाचे?

ज्या कायद्यांचा भंग दररोज, सर्वांच्या देखत आणि कोणाच्याही मनास टोचणी न लागता होत असतो, अशा कायद्यांत सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई करणाऱ्या कायद्याचा क्रमांक बराच वरचा लागेल. एस. टी. स्थानकावर पाटी असते, कचेरीच्या ओसरीत पाटी असते, दवाखान्याच्या जिन्यात पाटी असते. आणि थोटके पडलेली असतात ती पुष्कळदा नेमकी त्या पाटीखालीच. विडी-सिगारेटीचे दुष्परिणाम आमच्या वाचकांस ठाऊक आहेत. ते पुन्हा सांगून आम्ही ह्या अंकाची जागा अडवणार नाही. आमच्यापुढे प्रश्न आहे तो निराळा. मनाई झाली, दंड ठरला, पाटी लागली; आता ती मनाई पाळून घ्यावयाची कोणी?

ह्या प्रश्नाकडे आमचे लक्ष विशेषकरून वेधले गेले ते उज्जैन येथे. गेल्या वर्षी काही कामानिमित्त आम्हांस तेथे जावे लागले. मुक्काम माधव नगरात एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाकडे होता. रेल्वेमार्गाच्या एका अंगास क्षिप्रेकडील जुने उज्जैन आणि दुसऱ्या अंगास हा नवा भाग. लोक त्यास फ्रीगंज असेही म्हणतात. शिंदे सरकारच्या अमदानीपासून माळव्यात मराठी घराणी नांदत आली आहेत. त्यांत आपले श्रद्धावंत अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उज्जैनचा धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला, तोही सिरो-मलबार परंपरेचा. त्यामुळे आमचे यजमान रविवारी हिंदीत मिस्सा ऐकतात व रात्री घरी मराठीतून रोझरी म्हणतात. हे साप्ताहिक त्यांच्या बंधूंकडून त्यांस पोचते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले जाते, हे पाहून आम्हांस साहजिकच समाधान वाटले.

त्यांचा धाकटा मुलगा सात वर्षांचा. त्यास दम्याचा विकार आहे. यजमानीणबाई त्यास घेऊन एका खासगी बसगाडीने परगावी निघाल्या असता गाडी सुटून काही मिनिटे झाली नाहीत तोच चालकाने विडी पेटविली. मुलाला खोकल्याची ढास लागली. बाईंनी पुढे जाऊन नम्रपणे विनंती केली. चालक हसला व म्हणाला की, गाडी आमची आहे, त्रास होत असेल तर मागे बसा. बाई मागे आल्या. गाडीत तीस-पस्तीस उतारू होते. त्यांत शिकलेसवरलेले होते, बायका होत्या, मुलेबाळे होती. कोणी चकार शब्द काढला नाही. एक वृद्ध गृहस्थ मात्र उठले आणि आपली खिडकीजवळची जागा त्यांनी मुलाला दिली. बाई आम्हांस म्हणाल्या, "फादर, ते भले गृहस्थ होते. पण त्यांनी ड्रायव्हरला काही म्हटले असते, तर त्यांना उठावे लागले नसते."

त्याच मुक्कामात दुसरीही एक गोष्ट आम्ही पाहिली. माधव नगरात घड्याळाचा मनोरा असलेला जो चौक आहे, तेथे सायंकाळी कुटुंबेच्या कुटुंबे फिरावयास व खावयास येतात. जवळच्याच एका लहानशा उपाहारगृहात, जेमतेम दहा-बारा टेबले असतील, आम्ही चहासाठी बसलो होतो. शेजारच्या टेबलावरील एका तरुणाने सिगारेट तोंडाला लावली, काडी ओढण्यापूर्वीच गल्ल्यावरील म्हातारे मालक उठून त्याच्याजवळ आले आणि हात जोडून म्हणाले, "भैया, बाहर." आवाजात राग नाही, लाचारीही नाही. तरुण निमूटपणे बाहेर गेला, ओढून परत आला, त्याने आणखी एक कचोरी मागविली. पैसे देताना आम्ही मालकांस विचारले, तुम्हांस भीती वाटत नाही काय, एखादे गिऱ्हाईक कायमचे जाईल म्हणून? त्यांनी भिंतीवरच्या फलकाकडे बोट केले आणि म्हणाले, "बोर्ड पर मेरा नाम लिखा है." खरोखरच धूम्रपान निषिद्ध असल्याच्या सूचनेखाली त्यांचे नाव रंगविलेले होते.

बसगाडीतील मनाई आणि उपाहारगृहातील मनाई एकाच कायद्याची. पहिली मेलेली होती, दुसरी जिवंत होती. हा फरक कशाने पडला, हे पाहण्यासाठी कायदा थोडा उलगडून पाहिला पाहिजे. तो वकिलांपुरता आहे असे समजून आपण सोडून देतो, म्हणून थोड्या विस्ताराने लिहितो.

ह्या मनाईला आपल्या देशात जोर आला तो पोलिसांमुळे नव्हे, मंत्र्यांमुळे नव्हे, तर तक्रार करणाऱ्या माणसांमुळे. केरळात मोनम्मा कोक्काड नावाच्या एका प्राध्यापिकाबाईंनी हा विषय उच्च न्यायालयापुढे नेण्यात पुढाकार घेतला आणि १२ जुलै १९९९ रोजी त्या न्यायालयाने असा निर्णय दिला की, सार्वजनिक ठिकाणी धूर सोडणे म्हणजे इतरांच्या जगण्याच्या मूलभूत अधिकारावर घाला आहे. त्याच वर्षी मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २ नोव्हेंबर २००१ रोजी त्यावर आदेश झाला: रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कचेऱ्या, नाट्यगृहे आणि रेल्वेसह सर्व सार्वजनिक वाहने यांत धूम्रपान नको. गोमंतकाने तर १९९७ सालीच धूम्रपान व थुंकणे ह्या दोहोंविरुद्ध आपला स्वतंत्र कायदा केला होता, आणि थुंकण्यासही त्यात ओढले हे फार शहाणपणाचे झाले, असे आमचे मत आहे. पुढे २००३ साली संसदेने सबंध देशासाठी कायदा केला आणि त्याचे सध्याचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवसापासून, लागू झाले.

ह्या नियमांत एक कलम असे आहे की, ते वाचून आम्हांस माधव नगरातील त्या म्हाताऱ्या मालकांची आठवण झाली. धूम्रपान होऊ न देण्याची जबाबदारी नियमाने टाकली आहे ती त्या जागेच्या मालकावर, व्यवस्थापकावर किंवा ती जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर. साठ सेंटिमीटर लांब व तीस सेंटिमीटर रुंद फलक त्याने दर्शनी लावावयाचा. राखदाण्या, काड्यापेट्या व लायटर तेथे पुरवावयाचे नाहीत. तक्रार कोणाकडे करावयाची, त्या माणसाचे नाव लोकांस दिसेल असे लिहावयाचे. आणि तक्रार येऊनही त्याने काही केले नाही, तर जितके गुन्हे घडले तितक्यांचा दंड त्याच्याकडून वसूल व्हावयाचा. ओढणाऱ्यास होणारा दंड दोनशे रुपयांपर्यंत आहे. कर्नाटकाने २०२५ साली तो आपल्यापुरता एक हजार केला. दंड करण्याचा अधिकार केवळ पोलिसांस आहे असेही नाही. स्टेशनमास्तर, पोस्टमास्तर, ग्रंथपाल, शाळेचे मुख्याध्यापक ह्यांस आपापल्या आवारापुरता तो दिलेला आहे. कित्येक मुख्याध्यापकांस हे वाचून नवल वाटेल.

म्हणजे कायदा करणाऱ्यांनी हे ओळखले होते की, प्रत्येक ओसरीवर शिपाई उभा करता येणार नाही. दारूच्या दुकानास कुलूप ठोकता येते. मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन व इतर काही तीर्थक्षेत्रांच्या हद्दीतील दारूची दुकाने बंद केली, ती एका हुकुमाने बंद झाली. विडीचे तसे नाही. ती ज्याच्या त्याच्या खिशात असते. तिला अडवावयाचे तर ती पेटते त्या क्षणी, त्या जागी, तेथल्या कोणीतरी तोंड उघडले पाहिजे.

शिक्षा कडक केली की काम भागते, असे म्हणणाऱ्यांसाठी आपल्या पवित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक प्रकरण येथे सांगण्यासारखे आहे. स्पेनमधील सेव्हिलच्या धर्मप्रांतात सतराव्या शतकात तंबाखूचे व्यसन इतके माजले होते की, लोक देवळात, प्रत्यक्ष मिस्सा चालू असता, तंबाखू ओढीत व हुंगीत. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण धर्मगुरूही त्यांत होते. वेदीवरची वस्त्रे त्यामुळे मळत. तेथील धर्माधिकाऱ्यांनी रोमला गाऱ्हाणे नेले आणि १६४२ साली परमगुरुस्वामी आठवे अर्बन यांनी त्या प्रांतातील देवळांत तंबाखू वापरणारास धर्मबहिष्काराची शिक्षा जाहीर केली. १६५० साली दहावे इनोसंट यांनी रोममधील संत पेत्राच्या महामंदिरापुरती तशीच आज्ञा काढली. धर्मबहिष्काराहून मोठी शिक्षा आपल्याजवळ नाही. तरी १७२५ साली तेरावे बेनेडिक्ट यांनी ती मनाई उठविली. विद्वान इतिहासकार त्याची निरनिराळी कारणे देतील. आम्हांस त्यातून इतकेच दिसते की, केवळ शिक्षेच्या जोरावर नाक आणि तोंड यांवर राज्य करता येत नाही. अलीकडच्या काळात, २००२ साली, व्हॅटिकनने आपल्या हद्दीतील सार्वजनिक जागांत धूम्रपानास मनाई केली तेव्हा दंड ठेवला अवघा तीस यूरोचा; आणि परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी २०१८ पासून तेथील सिगारेटची विक्रीच थांबविली. त्या विक्रीतून व्हॅटिकनला चांगले उत्पन्न मिळत होते. स्वतःच्या घरातले नुकसान सोसून केलेली ती मनाई होती, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

आता कोणी म्हणेल, मी माझ्या पैशाची ओढतो, माझी छाती जळते, तुमचे काय गेले? ह्यास उत्तर १९८१ साली जपानातून मिळाले. ताकेशी हिरायामा नावाच्या संशोधकांनी ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षे पाहणी केली. ह्यांपैकी एकीनेही कधी धूम्रपान केले नव्हते. तरीसुद्धा ज्यांचे पती फार सिगारेट ओढीत, त्यांस फुप्फुसाचा कर्करोग होण्याचे प्रमाण इतरांहून स्पष्टपणे अधिक आढळले. धूर ज्याने विकत घेतला त्याच्याच छातीत जातो असे नाही. तो पाळण्यातल्या बाळाच्या, दम्याच्या रोग्याच्या, गरोदर सुनेच्या छातीतही जातो, आणि त्यांतील एकालाही कोणी विचारलेले नसते. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण-ग्रंथात तंबाखूच्या अतिरेकाचा उल्लेख आला आहे तो पाचव्या आज्ञेखाली, म्हणजे मनुष्यहत्येस मनाई करणाऱ्या आज्ञेखाली. वाचकांनी हे ध्यानात घ्यावे. आणि संत पौलाने करिंथ येथील मंडळींस काय कळविले होते? स्वतःला पूर्ण मोकळीक असलेले अन्नसुद्धा आपल्या बंधूस अपाय करणारे असेल, तर ते आयुष्यभर सोडण्याची त्याची तयारी होती. विडी तर अन्नही नव्हे.

आणखी एक आकडा देतो व आकडे पुरे करतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण शेकडा ३.८ आढळले, मध्य प्रदेशात १०.२. (तंबाखू चघळणाऱ्यांचे प्रमाण आपल्याकडे फार मोठे आहे, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.) म्हणजे शंभरांतले चार ओढतात आणि शहाण्णव गप्प बसतात. ज्या बसगाडीची हकीगत वर दिली, तीत विडी एकाची होती. बाकी सगळ्यांची मुकाट संमती होती.

ही संमती कोठून येते? भित्रेपणातून येते असे आम्ही सरसकट म्हणणार नाही. आपल्याकडे विडी हा पाहुणचार आहे. दारात आलेल्या माणसाला पाणी द्यावे, मग पानसुपारी, विडीकाडी द्यावी, ही रीत. ज्याला आपणच तबक पुढे केले त्याला 'ओढू नका' कसे म्हणावयाचे? लग्नात वरपक्षाकडील मंडळींपुढे सिगारेटची पाकिटे न ठेवली तर मुलीच्या बापाला उणेपणा येतो. मयताच्या घरी रात्र जागविणाऱ्यांसाठी विड्यांचे कट्टे आणले जातात. छातीच्या कर्करोगाने गेलेल्या माणसाच्या उशाशीसुद्धा ते आणलेले आम्ही पाहिले आहेत, आणि त्याचे मुलगेच ते वाटीत होते.

शिवाय मनाईचा बडगा पडतो तो बहुधा गरिबावर. हमालाच्या तोंडची विडी दिसते. साहेबांच्या बंद खोलीतील सिगारेट दिसत नाही. विडीवर कित्येक गरिबांची चूल पेटते हेही खरे आहे. मध्य प्रदेशच्या जंगलांत उन्हाळ्यात आदिवासी बायाबापड्या तेंदूची पाने खुडतात, आणि आपल्या सोलापुरात व सिन्नरला कष्टकरी स्त्रियांनी मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात जन्म घालविले आहेत. त्यांच्याविषयी आमच्या मनात अनादर नाही. त्यांना दुसरे काम मिळावे, अशीच आमची इच्छा आहे. परंतु 'येथे ओढू नका' असे म्हणण्याने त्यांच्या पोटावर पाय येतो हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. बाहेर जाऊन ओढणाऱ्यास कायदा अडवीत नाही. आणि गरिबावरच बडगा पडू नये असे ज्यांस मनापासून वाटते, त्यांनी आरंभ वरून करावा.

आम्ही उज्जैनहून परतल्यावर आपल्या पॅरिश कौन्सिलपुढे हा विषय मांडला. सभागृहात फलक लावण्यास सर्वांची संमती मिळाली. दोन मिनिटांत ठराव झाला. मग आम्ही विचारले, त्यावर नाव कोणाचे घालू? तेव्हा मात्र सभा अगदी शांत झाली. एकाला व्यापार होता, एकाला निवडणूक लढवावयाची होती, एकाचे व्याही ओढणारे होते. फादर, तुमचेच नाव घाला, असे एकाने सुचविले. आम्ही म्हणालो, आमची बदली होईल. फलक येथेच राहील. अखेरीस एक निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या, "माझे घाला. गावातले निम्मे ओढणारे माझ्या हाताखालून गेलेले आहेत."

तिसऱ्याच आठवड्यात प्रसंग आला. लग्नाचे जेवण चालू होते. वराच्या नात्यातील एका प्रतिष्ठित गृहस्थांनी पंक्तीतच सिगारेट शिलगाविली. जवळच एक बाळंतीण तान्हे मूल घेऊन बसली होती. बाई उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "भाऊ, येथे लहान मूल आहे. बाहेर चिंचेखाली बाक आहे, तेथे बसून निवांत ओढा, मी तुमचे ताट झाकून ठेवते." ह्याहून सौम्य शब्द आम्हांस तरी सुचले नसते. पण गृहस्थ उठले ते चिंचेखाली गेलेच नाहीत. आपल्या चार माणसांसह थेट गाडीत बसून निघून गेले. मुलीचे वडील संतापून आमच्याकडे आले. पाहुण्याचा भर मांडवात अपमान झाला, माझ्या मुलीला उद्या त्या घरात नांदावयाचे आहे, असे ते म्हणत होते, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. बाईंनी माफी मागावी अशी त्यांची मागणी होती. आम्ही ती मान्य केली नाही. त्यांच्यासह आम्ही स्वतः दुसऱ्या दिवशी वराच्या घरी गेलो. वराच्या आईने आमचे स्वागत केले आणि आपल्या घरातही एक दम्याची रोगी आहे, हे आम्हांस सांगितले. ते गृहस्थ मात्र आम्हांस भेटले नाहीत, आणि मुलीच्या माहेरी ते अद्याप आलेले नाहीत. अशा गोष्टींची किंमत द्यावी लागते. ती मुलीच्या वडिलांनी दिली, हे आम्ही विसरत नाही.

बाईंचे नाव फलकावर आहेच. त्यानंतर झालेल्या लग्नांत कोणी सभागृहात सिगारेट पेटविली नाही, असे बाई सांगतात. चिंचेखालच्या बाकाजवळ एक वाळूने भरलेले मडके ठेविले आहे. थोटके त्यात टाकावीत, मुळाशी टाकू नयेत.

खेडेगावांतील मंडळींकडून आम्हांस विचारणा झाली आहे की, लग्नाचा किंवा सणाचा उघडा मांडव कायद्याच्या व्याख्येत बसतो काय? ह्याचा काथ्याकूट वकिलांनी करावा. आमच्या मते, जेथे लहान मूल मांडीवर घेऊन आई बसणार आहे, त्या जागेविषयी हा प्रश्न विचारण्याचे कारण नाही. तसेच, एखाद्यास कसे सांगावे, असेही पुष्कळजण विचारतात. एकट्याने न जाता दोघांनी जावे. पेटविण्यापूर्वी सांगणे सोपे असते, पेटविल्यावर कठीण. कायद्याचे नाव शेवटी काढावे, मुलाचे किंवा आजाऱ्याचे आधी. सर्वांसमक्ष मोठ्याने बोलू नये. आणि बाहेर बसावयास चांगली सावलीची जागा दाखवावी. उन्हात उभे करून ठेवलेला माणूस पुन्हा आत येऊनच ओढतो. शाळांच्या बाबतीत मुख्याध्यापकांनी आवाराच्या कुंपणापासून शंभर यार्ड मोजावेत. तेवढ्या अंतरात तंबाखूची विक्री होता कामा नये, असे २००३ च्या कायद्याचे सहावे कलम सांगते. आमच्या शाळेपासून पानाची टपरी बेचाळीस पावलांवर निघाली. टपरीवाल्याशी बोलणे चालू आहे. त्याने वह्या, पेन्सिली व गोळ्या-बिस्किटे ठेवावीत आणि पालकांनी त्या त्याच्याकडूनच घ्याव्यात, अशी तडजोड सुचविण्यात आली आहे.

पुढील महिन्यात आपल्या देवळाचा सण आहे. मांडवाची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींस आमची सूचना की, तबकात पान, सुपारी, बडीशेप ठेवावी. विडीकाडी व सिगारेट ठेवू नये. काही मंडळींनी पाकिटांची खरेदी आधीच केली आहे असे समजते. दुकानदाराशी आमचे बोलणे झाले आहे. सील न फोडलेली पाकिटे तो पूर्ण किमतीस परत घेण्यास तयार आहे. मात्र ती शनिवारपूर्वी नेऊन द्यावीत.